वाफेच्या मशीनखालची नावं

दिनकरभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या कुसगावच्या घराच्या दारात, भर दुपारी, आणि खरं सांगते, मी दार लावून घेणार होते. श्रावणातलं धुकं अंगणापर्यंत आलं होतं. त्यातून आधी एक लांबलचक काळा रेनकोट दिसला, मग गळ्यात अडकवलेल्या पारदर्शक नळ्या, मग छातीशी धरलेली पेटी. चेहरा सगळ्यांत शेवटी दिसला. मी लोणावळ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. भूत नावाची गोष्ट नसते, हे मुलांना दर वर्षी ठणकावून सांगते. त्या दुपारी मात्र माझा हात कडीकडे गेला. तेवढ्यात ते म्हणाले, "बाई, वाफेचं मशीन आनलंय. आबा कुटं हायती?"

त्याला आता बरीच वर्षं झाली. भाऊ पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत आणि गौरवग्रंथासाठी 'भाऊंचं कार्य' या विषयावर चार पानं लिहून द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आहे. मी जे सांगणार आहे त्यातलं काही कार्यात बसतं, काही बसत नाही. न बसणारं संपादकांनी खुशाल कापावं. मी मात्र ते लिहिणार.

आधी कार्य. ज्यांच्या छातीत दम्यानं किंवा धुळीनं घर केलंय, त्यांना डॉक्टर नेब्युलायझर सांगतात. औषधाची वाफ करून ती मास्कमधून देणारं हे छोटं यंत्र. आमच्याकडे सगळे त्याला वाफेचं मशीन म्हणतात. ज्यांना ते परवडत नाही, त्यांना दर वेळी दवाखाना गाठावा लागतो, तोही धापा टाकत. आणि दुसरीकडे कितीतरी घरांत अशी मशीनं माळ्यावर पडून असतात. घरातलं माणूस बरं झालं किंवा गेलं, की मशीन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वर टाकलं जातं. भाऊ अशी घरं शोधतात आणि मशीन मागून आणतात. कारखान्यात उभा जन्म फिटर म्हणून काढल्यामुळे ते उघडून, जुन्या टूथब्रशनं घासून, नवा फिल्टर घालून चालू करतात. मास्क आणि नळी नवी, बाकी यंत्र तेच. मग डॉक्टरांची चिठ्ठी पाहून ज्याला गरज आहे त्याच्या घरी स्वतः नेऊन देतात. वराळ्यापासून लोणावळ्याच्या वरच्या वाड्यांपर्यंत, एसटीनं, लोकांच्या टेम्पोतून आणि बराचसा पायी, असा त्यांचा फेरा असतो. कुसगावच्या एका वळणावर फोटो काढत उभ्या असलेल्या पर्यटकांना ते एकदा धुक्यातून सामोरे आले, तेव्हा त्यातले दोघं गाडीत जाऊन बसले आणि काचा वर करून घेतल्या. भाऊंनी काचेवर टकटक केलं. "भिऊ नका, दम लागत आसंल तर सांगा," एवढं बोलून पुढं निघाले. ही गोष्ट ते स्वतःच हसत हसत सांगतात.

इतकं कार्यात बसतं. आता मशीनखालच्या पट्टीबद्दल.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, खडी क्रशरवर होते. उमेदीची सगळी वर्षं दगड आणि दगडाची पूड. छाती भरली तेव्हा डॉक्टरांनी दिवसातून तीनदा वाफ घ्यायला सांगितली. माझी शाळा विनाअनुदानित, पगार येईल तेव्हा यायचा. दवाखान्यातल्या एका सिस्टरनं भाऊंचा नंबर दिला, मी फोन केला आणि दुसऱ्या दिवशी ते दारात उभे. त्यांनी मशीन स्टुलावर ठेवलं, नळी जोडली, आबांना मास्क लावायला शिकवलं. आबांनी मास्क हातात धरून विचारलं, "हे आदी कुनाचं?"

मला वाटलं, भाऊ काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. त्यांनी मशीन उचललं आणि उलटं करून आबांपुढे धरलं. खाली पांढरी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर काळ्या शाईत एक नाव होतं: शांता, वराळे.

"आमची मंडळी," भाऊ म्हणाले. "दोन वर्षांमागं गेली. ह्यावरच व्हती."

मी तापलेच. पेशंटला असं सांगतात का? बाहेर अंगणात नेऊन मी त्यांना चार शब्द सुनावले. भाऊंनी ऐकून घेतलं. आत आबांनी तोवर स्वतःच बटण दाबलं होतं. वाफेतून त्यांचा आवाज आला, "पोरी, त्यांनी सांगितलं ते बरंच झालं. न्हाईतर म्या रोज इचार करीत बसलो आसतो."

हा भाऊंचा नियम. मशीन देताना आधी ते कुणाकुणाकडे होतं हे सांगायचं, न विचारता. आणि मशीन परत आलं की त्या माणसाचं नाव पट्टीवर लिहायचं. नाव आणि गाव, बस. कोण बरं होऊन परत देऊन गेलं आणि कोण तसंच गेलं, हे पट्टीवरून कळत नाही. आडनावही नाही. काही घरांत नाव ऐकल्यावर हळूच आडनाव विचारतात, का विचारतात ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांना भाऊ म्हणतात, "दमा आडनाव इचारून आला व्हता का?" म्हणून मीही या लेखात कुणाचं आडनाव लिहिलेलं नाही. भाऊंचं मुखपृष्ठावर आहे, तेवढं पुरे.

आबा त्या मशीनवर दीड वर्ष होते. वाफ घेताना त्यांची एक सवय होती. डावा हात मशीनच्या झाकणावर ठेवायचा आणि नखानं वाजवायचं. टक. थांबून टक-टक. मग पुन्हा टक. क्रशरवर जायच्या आधी, तरुणपणी ते हातोड्यानं दगड घडवायचे, तो हा ताल. घरात आम्ही दोघंच. ही सवय मला सोडून कुणाला ठाऊक नव्हती. एका दुपारी मी स्वयंपाकघरात होते आणि टकटक थांबली. मशीन चालूच होतं. मी बाहेर आले तेव्हा खोलीत वाफ भरलेली होती आणि आबा गेलेले होते.

तेराव्यानंतर भाऊ मशीन न्यायला आले. आबांच्या खाटेशी बसून त्यांनी मशीन लावलं आणि मास्क रिकाम्या उशीकडे तोंड करून ठेवला. औषध नाही, वाफ नाही, नुसतीच घरघर. पंधराएक मिनिटं ते तसेच मान खाली घालून बसून होते. मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, "नळीतली वल सुकती." मी विज्ञानाची शिक्षिका, मला ते पटलं. नळी तर ते नंतर टाकूनच देतात, हे माझ्या लक्षात यायला आठवडा लागला. जाताना त्यांनी पट्टीवर दुसरं नाव लिहिलं: सखाराम, कुसगाव. त्यानंतरच्या रविवारी मी माझी स्कूटर घेऊन वराळ्याला गेले आणि म्हटलं, भाऊ, मी तुमच्याबरोबर फिरू का?

तेव्हापासून मी त्यांची शिष्या. बोलणं त्यांचं कमी, पण मळवली स्टेशनवरून भाज्याला चालत जाताना एकदा त्यांनी आपणहून सांगितलं. शांताबाई गेल्यावर मशीन त्यांनी माळ्यावर टाकलं होतं. शांताबाईंची वाफ घ्यायची वेळ संध्याकाळी चारची. "चार वाजलं की घरात त्या औषधाचा वास यायचा, बाई. म्या घर धुतलं, गोधड्या धुतल्या, तरी यायचा. आमच्यात भूतबीत मानीत न्हाईत, बुद्धाच्या इहारात जातो म्या, सगळं समजतंय मला. पर वास यायचा. मग शेजारच्या आळीत एकाला दम लागला, त्याला दिलं मशीन आठ दिवस, नावं लिवायचा नेम मागनं आला. त्या दिशी चार वाजलं आन् वास न्हाई." मी म्हटलं, मनाचे खेळ असतात भाऊ. ते म्हणाले, "आसतील. पर मशीन रिकामं बसवून ठिवलं की मानूस मागतंय, एवढं म्या शिकलो."

आता माझी चूक. ती या ग्रंथात यावी अशी माझीच इच्छा आहे, कारण भाऊ काय आहेत ते मला तिच्यामुळे कळलं.

भाज्यात हौसामावशी राहतात. सकाळ-संध्याकाळ चुलीच्या धुरात आणि दिवसभर लोकांच्या शेतात, असं त्यांचं आयुष्य गेलं. छातीचं खोकं झालेलं. त्या वेळी माझ्याकडे तयार असलेलं एकच मशीन होतं, आबांचं. मी घेऊन गेले, नियमाप्रमाणे उलटं करून नावं वाचली. मावशींची सून दारातून म्हणाली, "मेलेल्या मानसांचं आमाला नगं, बाई. घरात ल्हान लेकरं हायती." मावशींनीही पुढं केलेला हात मागं घेतला. मी मशीन घेऊन परत आले. रात्रभर मावशींची धाप माझ्या कानात. सकाळी मी ब्लेड घेतलं आणि पट्टी खरवडून काढली. शांताबाईंचं नाव आधी, मग माझ्या बापाचं. पुन्हा भाज्याला गेले आणि सांगितलं, हे दुसरं आहे, अगदी नवं, आत्ताच खोक्यातून काढलंय. सुनेनं चहा दिला. मावशींनी मास्क लावला. भाऊंना मी काही कळवलं नाही, आणि मनातून स्वतःवर खूशच होते.

आठ दिवसांनी गेले तर मशीन स्टुलावर नव्हतं. कोपऱ्यात जमिनीवर ठेवून त्यावर घमेलं पालथं घातलं होतं आणि घमेल्यावर विळा ठेवला होता. घरात कुणी नव्हतं, सगळी कामावर गेलेली. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, ओठ निळे, खांदे श्वासागणिक वर-खाली. चार दिवस त्यांनी वाफ घेतलीच नव्हती. मी बाहेर धावले, रिक्षा बोलावली, त्यांना उचलून आत बसवलं. रिक्षात त्या माझं मनगट धरून तुटक तुटक बोलत होत्या. "नवं न्हाई त्ये. त्यात गडी हाय कुनी तरी. बटान दाबलं की वाजीवतंय. टक करतंय... मंग थांबतंय... मंग टक-टक... मंग आनिक टक. दगूड घडीवतंय जनू."

हा ताल मी दीड वर्ष रोज ऐकला होता. मावशींचा हात माझ्या हातात होता आणि कुणाचा हात जास्त थंड होता, ते सांगता येणार नाही.

तीन दिवस मावशी दवाखान्यात होत्या. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी काही खात्री दिली नाही. मी व्हरांड्यात बसून भाऊंना फोन केला आणि सगळं सांगितलं, टकटकीचं सोडून. ते फक्त म्हणाले, "म्हातारी घरी आली की जाऊ."

चौथ्या दिवशी आम्ही भाज्याला गेलो. भाऊंनी विळा उचलून बाजूला ठेवला, घमेलं काढलं, मशीन मांडीवर घेतलं आणि उलटं केलं. खरवडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. मी तोंडावर बोलणी खायला तयार होते. त्यांनी विचारलं, "किती येळ लागला खरवडायला?"

"दहा मिनिटं असेल, भाऊ."

"लागनारच. शांताचं नाव म्या लय दाबून लिवलं व्हतं."

एवढंच. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढलेला नाही. खिशातून नवी पट्टी काढून चिकटवली, पहिली ओळ स्वतः लिहिली आणि पेन माझ्यापुढे धरलं. मला रडू फुटलं. भाऊ म्हणाले, "आदी आबांचं नाव लिवा, बाई. रडायचं मागनं." मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं, ते अजून तसंच आहे.

मावशींनी टकटकीचं सांगितलं तेव्हा त्यांनी स्क्रू काढून मशीन उघडलं. फिटरचा हात तो. एकेक भाग हलवून पाहिला. काही सैल नव्हतं, काही झिजलं नव्हतं. सगळं पुन्हा बंद करून ते मावशींसमोर उकिडवे बसले आणि सांगितलं, "मावशी, ह्यावर दोन नावं हायती. एक माजी शांता, वराळ्याची. दुसरं सखाराम आबा, कुसगावचं. ह्या बाईंचं वडील. दगूड घडवायचं काम करायचं." आणि माझ्याकडे वळून, "बोटं वाजवायचं का वं त्ये?" मी मान हलवली.

हौसामावशी मशीनकडे बघत राहिल्या. मग एकदम मोठ्यानं म्हणाल्या, "मंग आदी सांगायचं न्हाई व्हय! म्या म्हनलं कोन परकं शिरलंय घरात." त्यांनी स्वतः मास्क ओढून घेतला. सून दारात उभी होती, तिनंच बटण दाबलं. घरघर सुरू झाली. मी गुडघ्यावर बसून झाकणाला कान लावला. मी प्लग पाहिला, स्टुलाचे पाय पाहिले, नळी कुठे आपटते का तेही पाहिलं. आणि मला ऐकू आलं. टक. थांबून टक-टक. मग टक. मावशींनी झाकणावर तळवा ठेवला आणि डोळे मिटून वाफ घेत राहिल्या.

मुलांना मी अजूनही भूत नसतं असंच शिकवते. ते खोटं आहे असं मला वाटत नाही. पण आबांचं नाव खरवडताना मी जे केलं ते त्यांना कळलं, असंही मला वाटतं. या दोन्हींचा मेळ मला घालता येत नाही आणि भाऊंनी कधी घालून दिला नाही.

हिवाळा संपता संपता हौसामावशी बऱ्या झाल्या. मशीन न्यायला आम्ही जाणार होतो, त्याआधीच त्या स्वतः, मशीन फडक्यात बांधून डोक्यावर घेऊन, मळवलीहून गाडी पकडून वराळ्याला हजर झाल्या. त्यांना लिहिता येत नाही. भाऊंनी पेन त्यांच्या मुठीत धरवून, वरून आपला हात धरून, तिसरी ओळ लिहून घेतली: हौसा, भाजे. सत्काराच्या दिवशी त्या पुढच्याच रांगेत बसणार आहेत.

आता यंदाचं. माघापासून भाऊ चढावर थांबायला लागले. मग सपाटीवरही. कारखान्यात ग्राइंडरपाशी काढलेली वर्षं आता छातीवर उलटली आहेत, असं डॉक्टर म्हणतात. वाफ घ्यायलाच हवी असंही म्हणतात. भाऊ ऐकेनात. रांगेत लोक आहेत, त्यांना आधी द्या, हा हेका. चिठ्ठी खिशात ठेवून ते इतरांच्या घरी मशीनं पोचवत फिरत होते आणि वाटेत कठड्याला धरून उभे राहत होते. ते पाहून मी फार चिडले. मी त्यांच्यावर दुसऱ्यांदा चिडले ती ही वेळ, आणि या वेळी चूक माझी नव्हती.

एका संध्याकाळी मी न विचारता त्यांच्या घरी मशीन घेऊन गेले. माझ्याकडे तीन तयार होती. त्यातलं मी मुद्दाम तेच निवडलं, हे कबूल करते. खाटेजवळ ठेवलं, नवी नळी जोडली आणि मास्क पुढं केला. भाऊंनी घेतला नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "हे आदी कुनाचं?"

त्यांना काय ठाऊक नव्हतं? पण नियम म्हणजे नियम. मी मशीन उलटं करून त्यांच्यापुढे धरलं आणि वाचलं, "शांताबाई, वराळे. सखाराम आबा, कुसगाव. हौसामावशी, भाजे."

पहिल्या नावाला त्यांनी डोळे मिटले. तिसऱ्यानंतर मास्क घेतला. बटण दाबलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात चार वाजत होते, आणि ती वेळ मी ठरवून साधली नव्हती. औषधाचा कडसर वास खोलीभर पसरला. भाऊ खाटेच्या मधोमध बसले होते. दोन-तीन श्वास घेतल्यावर ते डोळे न उघडताच थोडे सरकले, आणि शेजारी एका माणसाची जागा झाली. खोलीत मी एकटीच उभी होते. ती जागा माझ्यासाठी नव्हती, म्हणून मी उंबऱ्यावर जाऊन बसले.

ते आता रोज वाफ घेतात. माणूस हळूहळू सावरतंय, परवा विहारापर्यंत चालत गेले होते.

भाऊ, हा लेख छापून तुमच्या हातात पडेल तेव्हा तुम्ही 'एवढं कशाला लिवलं' म्हणाल. तेवढं म्हणून घ्या. पण माझं एक मागणं आहे. त्या पट्टीवर चौथी ओळ रिकामी आहे. नाव मशीन परत येताना लिहायचं, हा नियम तुमचाच. तुम्हाला खूप आयुष्य मिळो, आणि ते असं मिळो की एखाद्या हिवाळ्याच्या शेवटी ते मशीन फडक्यात बांधून तुम्ही स्वतः माझ्या दारात उभे राहाल. त्या दिवशी धुकं असलं तरी मी दार लावणार नाही. पेन मी देईन, पण लिहिणार नाही. ते नाव तुम्हीच लिहायचं, भाऊ, आपल्या हातानं, आणि शांताबाईंचं लिहिलंत तसं दाबून.